शेपूट आलं, हात धर!

टोलनाक्यावर नोकरी करते असं सांगितलं की कोल्हापुरातला माणूस आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग दोन पावलं पुढे येऊन भांडायला लागतो. शहरातला टोल आम्ही कोल्हापूरकरांनी मोर्चे काढून घालवला. त्याला बरीच वर्षं झाली, पण 'टोल' हा शब्द अजून आमच्याकडे शिवीच्याच भावकीतला आहे. आमचे हे एका शाळेत क्लार्क होते. त्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आले होते. पुढे मी हायवेवरच्या नाक्यावर कामाला लागले, तेव्हा कळंब्याच्या आमच्या कॉलनीत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. "रस्त्याच्या कामात आहे," एवढंच सांगायचे. शेवटी शेजारच्या काकूंची गाडी नेमकी माझ्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली आणि बिंग फुटलं.

"अगं बाई, तू हितं?" काकू म्हणाल्या. आणि लगेच, "मग आमाला तसंच सोडणार न्हवं?"

सोडलं नाही. त्या वर्षी काकूंच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. पण गुडघ्यांनी राजीनामा द्यायला लावीपर्यंत मी नाक्यावर टिकले, आणि खरं सांगते, मजेत टिकले.

बाहेरच्याला वाटतं, टोलवाली म्हणजे खिडकीत बसून सुटे पैसे देणारी बाई. पूर्वी तसं होतंही. सुट्यांवरून भांडणं व्हायची, पण निदान माणसाचं तोंड दिसायचं. सासरी निघालेली पोरगी डोळे पुसताना दिसायची, नवी गाडी घेतलेला माणूस हार न काढताच यायचा. आता काचेवर टॅग असतो. वरचं यंत्र तो वाचतं, बूम उघडतो, गाडी जाते. बूम म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा आडवा दांडा. माणसाचं काम उरलं ते यंत्र अडलं की. आणि यंत्र रोज अडतं, त्याची काळजी नको.

सगळ्यात जास्त अडतं ते मागे काहीतरी बांधून आणलेल्या गाडीला. कसं ते सांगते. लेनच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे खांब असतात. या खांबातून त्या खांबावर एक न दिसणारा उजेड पडत असतो. गाडी मध्ये आली की तो तुटतो, गाडी गेली की पुन्हा जुळतो. जुळला की यंत्र समजतं, गेली गाडी, टाका बूम खाली. पण जीपच्या मागे ट्रेलर असला तर दोघांच्या मध्ये नुसता एक लोखंडी दांडा असतो, तोही गुडघ्याच्या खाली. उजेड त्याच्या वरून सरळ जातो. यंत्राला वाटतं, संपली गाडी. आणि बूम येतो तो ट्रेलरच्या टाळक्यात.

म्हणून आमच्या नाक्यावर एक रीत पडली होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, साहेबांना कुणी सांगितलेली नाही. लेनच्या तोंडाशी मुरगूडचा महादेव उभा असायचा. आवाज असा, की पलीकडच्या लेनमधल्या ट्रकवाल्यानेही ब्रेक दाबावा. मागे काही बांधलेली गाडी दिसली की तो ओरडायचा, "शेपूट आलं, हात धर!" मग जवळ जो असेल त्याने धावत जाऊन खांबापाशी उजेडात हात धरायचा. जीप जाते, मधला दांडा जातो, ट्रेलर पुरता बाहेर पडतो, तोवर हात हलवायचा नाही. यंत्राला वाटतं, ही एकच लांबलचक गाडी आहे. बूम वर राहतो. मी तळहात वर करून धरायची. पालथा धरला की माझा खांदा भरून येतो.

शेपूट म्हणजे काय वाट्टेल ते. लग्नसराईत मंडपवाल्यांचे जनरेटर, कोकणाकडे निघालेली होडी, आणि अलीकडे ही चाकांवरची घरं. कॅम्पर म्हणतात त्यांना. आत पलंग, शेगडी, भांडी घासायला बेसिन. हौस असते एकेकाला. पण नाक्यावर आलं की हौशीचे बारा वाजतात. रस्त्यात पुरलेलं यंत्र गाडीचे एक्सल मोजतं, म्हणजे चाकांच्या जोड्या. मागे एक जोडी वाढली की ते जीपला ट्रक समजतं. टॅग म्हणतो जीप, यंत्र म्हणतं ट्रक, आणि मालक म्हणतो, "पडदे माझ्या बायकोनं शिवल्यात. पडदे लावलेला ट्रक बघिटलाय कधी?" समजूत घालायची, फरकाचे पैसे घ्यायचे, पावती द्यायची.

कागलकडच्या तीन भावांनी तर कमाल केली. नाक्याच्या अलीकडे त्यांनी कॅम्पर जीपपासून सोडवला. थोरला जीप घेऊन टॅगवर आरामात पलीकडे गेला, आणि धाकटे दोघे कॅम्पर हाताने ढकलत माझ्या लेनमध्ये आले. घामाघूम, पण तोंडावर विजय.

"ढकलगाडीला टोल हाय व्हय, वहिनी?"

"नाही."

"मग ही ढकलगाडीच की!"

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. नियमाच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर असेल असं मला वाटेना. महादेव मात्र शांतपणे पुढे आला. "बरोबर बोलतायसा पावणं," तो म्हणाला. "बूम मी हातानं उचलतो. जावा ढकलत. फकस्त पुढं जिपला जोडायची न्हाई, घरापत्तूर ढकलतच न्यायची. मी मागनं चालत येतो की बघायला." दोघा भावांनी समोरच्या चढाकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि धाकट्याने मुकाट्याने खिशात हात घातला. जाताना तिघांनी आम्हाला चहा पाजला. कोल्हापूरचा माणूस भांडतो कडाडून, पण भांडण संपलं की त्याला चहा लागतोच.

सगळंच हसण्यासारखं नसायचं. एका सकाळी मंडपवाल्याचा जनरेटर माझ्या डोळ्यांदेखत सुटला. जीप नाक्यातून बाहेर पडली, तिने वेग घेतला, रस्त्याच्या सांध्यावर आदळली, आणि शेपूट हुकातून निघून आपल्याच मनाने तिरकं चालू लागलं. दुभाजकावर चढलं आणि आडवं झालं. जीपवाल्याला खूप पुढे गेल्यावर कळलं. कुणाला लागलं नाही, म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून शेपूट गेलं की ते वळणाआड होईपर्यंत मी बघत राहायची.

हे सगळं सांगितलं ते अक्कांसाठी. त्यांची गोष्ट सांगायची म्हणूनच लिहायला बसले.

थंडीचे दिवस होते. सकाळचा चहा नुकताच झाला होता. महादेवची आरोळी आली, जवळ मीच होते, धावले आणि हात धरला. जीप सावकाश पुढे गेली. चालवणाऱ्याने जाता जाता मला नमस्कारही केला. मागे पांढरा कॅम्पर होता. कुठल्या कंपनीचा नव्हे, आमच्या कोल्हापुरातल्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये केलेला, पण वेल्डिंग असं सफाईचं की हात फिरवावासा वाटावा. त्याची खिडकी माझ्यासमोर आली. पडदा सरकला. आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि त्याने माझ्या तळहातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"खा गं बाई. हात पसरायची पाळी आली व्हय? तोंड बघ कसं सुकलंय."

आता माझी पंचाईत बघा. हात काढावा, तर बूम म्हातारीच्या डोक्यावर. नाही काढावा, तर भर हायवेवर लाडू घेऊन भिकारणीसारखी उभी. मी तशीच उभी राहिले आणि ओरडले, "महादेव! गाडी बाजूला घ्यायला लाव! शेपटात माणूस हाय!"

महादेवने गाडी पलीकडे ऑफिससमोर उभी करून घेतली. पन्नाशीचा एक आडव्या अंगाचा माणूस खाली उतरला. कोपरापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग. वर्कशॉपवाला हाच, हे न विचारता कळलं.

"काय झालं, ताई? टॅगमदी पैसं हाईत की."

"टॅग राहू दे. मागं कोण आहे?"

तो खाली बघायला लागला. जीपमधून त्याची बायको म्हणाली, "सांगा आता. मी काय म्हणत हुते?"

"आई हाय माझी," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई नेसरीची, गडहिंग्लजच्या पलीकडची. गाव त्यांना अक्का म्हणतं. अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. लेकाने कोल्हापुरात आणून ऑपरेशन केलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. जरा बरं वाटल्याबरोबर अक्कांनी धोशा लावला, मला माझ्या घरी सोड. ताठ फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून लेकाने आदल्या दिवशी अॅम्ब्युलन्स सांगितली. ती दारात आल्यावर अक्कांनी पलंगाची कड सोडली नाही.

"आमचं वडील दवाखान्यातनं अॅम्बुलन्समधनंच आलते गावाला," तो म्हणाला. "आई दारात उभी हुती. वाटलं तिला, बरं होऊन आल्यात. त्या गाडीतनं मानूस निजूनच उतरतंय म्हणती. मी काय करू? म्हटलं आपला कॅम्पर हाय, मऊ गादी हाय, न्हेतो."

त्याची अडचण मला कळत होती. पण डोळ्यांसमोर तो दुभाजकावर आडवा झालेला जनरेटर होता. उभ्या कॅम्परमध्ये राहा, जेवा, झोपा, कोण नको म्हणतं? चालत्या कॅम्परमध्ये माणूस ठेवायचा नसतो. नियम म्हणून नाही, आत काही झालं तर पुढच्याला कळत नाही म्हणून.

मी तसं म्हटल्यावर गडी भडकला. "हुक मी सोता वेल्ड केलाय! जलम गेला माझा ट्रॉल्या बनवण्यात. माझा हुक सुटंल म्हणताय?"

"तुमचा हुक नाही सुटणार, पावणं. पण पुढच्यानं ब्रेक मारला आणि आई पलंगावरनं पडल्या, तर हाक कुणाला मारतील?"

"मोबाईल दिलाय की त्यास्नी."

"आत्याबाई लाल बटन दाबत्यात," त्याची बायको म्हणाली. "फोन लागायच्या आधीच कट हुतोय."

एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. मला वाईट वाटलं. त्याने आईसाठी घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढली होती, आणि मी भर रस्त्यात ती वाईट ठरवली होती. गस्तीच्या गाडीला कळवलं असतं तर माझं काम संपत होतं. पण मग अक्का पुन्हा कोल्हापुरात, लेकाच्या फ्लॅटच्या खिडकीशी. मी कॅम्परचं दार उघडून आत गेले.

अक्का एवढ्याशा होत्या. पायाखाली उशी, शेजारी लाडवांचा डबा.

"खाल्लास लाडू?"

"खाते. आधी ऐका. हितनं असं निजून जाता येणार नाही, अक्का."

"का? हितं काय वाईट हाय? खिडकी हाय. म्हस दिसली, टरक दिसला, तू दिसलीस."

"पुढं जीपमध्ये बसवतो तुम्हाला."

"निजवून न्हेणार?"

"टेकून."

त्यांनी लाडवांचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हे बघ. ह्यातनं मी आलो काय, त्यातनं आलो काय, गावात शिरताना मला उठवून बसवा म्हणून मी पोराला सांगिटलंय. वेशीत सुगंधा ऱ्हाती. माझं हाड मोडलं तवा ती साऱ्या गल्लीला सांगत सुटली, आता अक्का काय परत येत न्हाई. तिच्या म्होरनं मी निजून जाणार न्हाई. मेलो तरी न्हाई."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. अक्कांच्या तोंडी ते नुसतं बोलणं वाटत नव्हतं. त्यांना घर हवं होतं हे तर झालंच, पण त्याहून जास्त त्यांना बसून घरी जायचं होतं.

नाक्यावर अपघातासाठी एक अॅम्ब्युलन्स कायम उभी असते. तिच्यातल्या कंपाउंडरला मी हाक मारली आणि बजावलं, "पांढरा कोट काढून ये." त्याने कागदपत्रं बघितली, पाय बघितला. पुढची सीट मागे पाडून टेकून बसायला हरकत नाही म्हणाला, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, पाय फार मुडपायचा नाही, मध्ये मध्ये थांबायचं. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो का, ते अक्का हुंगून बघत होत्या.

"डाक्टर हाईस काय रं?"

"न्हाय आज्जी, टोलवाला."

"मग टोल तेवढा सोड की."

आता प्रश्न जीपचा. जीपमध्ये जागाच नव्हती! पुढच्या सीटवर लेकाची बायको मिक्सर मांडीवर घेऊन बसलेली. मागे वॉकर, कमोडची खुर्ची, कुंड्या, भांड्यांची पोती, एक पितळी घंगाळ. म्हणजे सामान कुशनच्या सीटवर आणि माणूस सामानाच्या गाडीत. हे आपल्याच लोकांना सुचतं. सोफ्यावर कव्हर घालून आपण नाही का खाली बसत? मी बोलून दाखवलं तेव्हा लेकाने कपाळावर हात मारला. "गादी त्यात हाय म्हटल्यावर आईला त्यातच ठिवायची, एवढंच डोस्क्यात," तो म्हणाला.

सगळं सामान शेपटात गेलं. अक्कांना उचलायचं कसं, यावर महादेव म्हणाला, मी घेतो उचलून. कंपाउंडर नको म्हणाला, कंबर वाकता कामा नये. तेवढ्यात लेकाने पलंगाखालच्या दोन कड्या फिरवल्या आणि गादीसकट आख्खी फळी मोकळी झाली. "धुवायला सोपं पडावं म्हणून तशी केलती," तो ओशाळून म्हणाला. मी म्हटलं, "पावणं, हे कुठल्या कंपनीला सुचलं नसतं." त्याचा चेहरा पुन्हा पन्नाशीचा झाला. चौघांनी फळी उचलली, अक्का काही न कण्हता जीपच्या पुढच्या सीटवर टेकल्या. एकदा कळ आली तेव्हा त्यांनी महादेवचा कान धरला, तो त्याने धरू दिला.

बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती फणी. माझ्या पर्समध्ये होती. मी त्यांचे केस विंचरले, छोटासा अंबाडा घातला, पदर डोक्यावर घेऊन पिन लावली. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. कुणाचे असे पांढरे केस हातात घेण्याची वेळ त्यानंतर आली नव्हती.

"येतो गं," अक्का म्हणाल्या. "लाडू खा. टाकू नकोस."

नाक्याच्या साहेबांनी नंतर विचारलं, एवढा वेळ माणसं कामावरून कुठे होती? मी म्हटलं, शेपूट अडकलं होतं. लाडू तोंडात होता, त्यामुळे जास्त बोलता आलं नाही.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. मोर्चेवाला माणूस, पण ऐकता ऐकता पेपर खाली ठेवला. "मग पोचल्या का त्या? बसून गेल्या का गावात?"

मला कुठे माहीत? आमच्या धंद्यात हीच एक रुखरुख आहे. हजार गाड्या समोरून जातात, कोण कुठे पोचलं ते आम्हाला कधीच कळत नाही. आता तर म्हणतात, बूमही जाणार, नाकाही जाणार, वरून कॅमेरा गाडी बघणार आणि गाडी न थांबता निघून जाणार. चांगलंच आहे. कुणाचा वेळ मोडणार नाही. पण मला त्या दिवसांत नेसरीच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये डोकावायची सवय लागली. पुढच्या रस्त्यात अक्कांना कळा आल्या असतील का, शेवटी मागे आडवं करावं लागलं असेल का, असलं काहीबाही मनात यायचं. अडवलं नसतं तर निदान आपल्या गादीवर तरी गेल्या असत्या, असंही एखादे वेळी वाटायचं.

उन्हं तापायला लागली तेव्हा कोल्हापूरकडे जाणाऱ्या लेनमध्ये एक जीप थांबली. टॅग वाचला, बूम उघडला, तरी गाडी हलेना. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी तणतणत खिडकीतून मान बाहेर काढली, आणि तो वर्कशॉपवाला हसत होता. मागे शेपूट नव्हतं. शेजारच्या सीटवर अक्का. ताठ. डोक्यावर पदर, मांडीवर डबा. "तपासायला दवाखान्यात चाललोय," लेक म्हणाला. "आई म्हणाली, ती बाई असंल त्याच लेनीत गाडी घाल."

नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला. मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"अक्का, सुगंधा उभी होती का वेशीत?"

"हुती की. सूप घेऊन दारात. हातातलं सूप तसंच ऱ्हायलं."

"मग? काय म्हणालात तिला?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, एवढंही कळत नाही का या बाईला, अशा नजरेने.

"काय म्हणायचंय?" त्या म्हणाल्या. "बसलो हुतो की मी."